बिनटपाची गाडी

मामानं हैदराबादहून गाडी आणली तेव्हा तिला टप नव्हता, ही गोष्ट मामा सोडून गल्लीतल्या सगळ्यांच्या लक्षात आली. मामाला तिचा लाल रंग दिसला होता, तिचं लांबलचक नाक दिसलं होतं, लाकडी स्टिअरिंग दिसलं होतं. कुठल्या तरी जुन्या बंगल्यात ती पोत्यांखाली झाकून ठेवलेली होती म्हणे. दोनच माणसांची जागा, आणि मागे एक अरुंद फळी, जिच्यावर कुत्रं किंवा मी बसू शकत होते. मामी दारात उभी राहून बराच वेळ गाडीकडं बघत राहिली आणि मग शांतपणे म्हणाली, "छप्पर मागून येणारय का?" मामानं तिला समजावलं की ही स्पोर्ट्स कार आहे, अशा गाड्यांचा टप घडीचा असतो, हवा तेव्हा लावायचा, नको तेव्हा मागे पाडायचा. "मग लावा की," मामी म्हणाली. मामा गाडीच्या मागे गेला, वाकून बघितलं, दोन्ही बाजूंना गंजलेले दोन लोखंडी कान सापडले. टपाचं तेवढंच उरलं होतं.

मी तेव्हा नांदेडहून लातूरला मामाकडं राहायला आले होते. बारावीला मला मार्क पडले होते, पण डॉक्टरकीला पुरतील एवढे पडले नव्हते, आणि माझ्या आईचा तिच्या धाकट्या भावावर फार भरवसा होता. मामा फिजिक्स शिकवायचा. चार वर्षांपूर्वी तो सायकलवरून कॉलेजात जाणारा साधा लेक्चरर होता. मग लातूरच्या पोरांचे निकाल पेपरात यायला लागले आणि हदगाव, अर्धापूर, शिरूर अनंतपाळ, कुठून कुठून आईबाप पोरांच्या वळकट्या घेऊन स्टँडवर उतरायला लागले. घराघरांतल्या पुढच्या खोल्या भाड्यानं गेल्या, गल्लीतल्या बायका पोरांना डबे करायला लागल्या. आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये उजाडायच्या आत पहिली बॅच भरायची. मला आजही त्या घराचे आवाज आठवतात. सायकली एकमेकींवर टेकवल्याचा खणखणाट, पोरांचा एकसुरात म्हटलेला कुठला तरी नियम, त्यात मामीच्या तव्यावर थापलेल्या धपाट्याचा चर्रर्र आवाज. धपाट्याचा वास शेडमध्ये पोचला की नियम म्हणणाऱ्यांचा सूर जरा ढासळायचा. मामा खडू आपटून म्हणायचा, "नाकं बंद, कान उघडे."

तर टप. पावसाळा तोंडावर होता आणि मामाला गाडी दाखवायची घाई होती. पहिल्या काही दिवसांत मामी शेजारच्या सीटवर बसून त्याच्या डोक्यावर छत्री धरायची. बाजारातून लाल गाडी चाललीय, चालवणारा कोरडा, आणि छत्री धरणारी ओली, असं ते चित्र होतं. एका चढावर छत्री उलटली आणि मामी म्हणाली की आता एकतर टप येईल नाहीतर मी रिक्षानं जाईन. रिक्षा म्हटल्यावर मामाला गफूरभाई आठवले.

गफूरभाई जुन्या मोंढ्याजवळ रिक्षांची आणि जीपांची हूडं शिवायचे. त्यांचे वाडवडील निजामाच्या काळात बग्ग्यांचं काम करायचे आणि हे ते पहिल्याच वाक्यात सांगून टाकायचे. त्यांच्या बोलण्यात नम्रपणा औषधालाही नव्हता. गाडीभोवती ते एक चक्कर मारून आले, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "सर, आजपर्यंत ही नंगी फिरून राहिली. आता मी तिला शालू नेसवतो." मामानं घडीचा टप म्हणजे काय ते कागदावर काढून दाखवलं. गफूरभाईंनी तो कागद नीट घडी करून खिशात ठेवला आणि पुन्हा कधीही बाहेर काढला नाही.

पहिलं हूड आलं ते निळ्या रेग्झिनचं, कडेनं पिवळी झालर. आतून आरसेकाम करायचा विचार होता, पण वेळ कमी पडला असं ते म्हणाले. ते इतकं उंच होतं की आत फेटा बांधून बसता आलं असतं. "गफूरभाई, ही स्पोर्ट्स कार आहे," मामा कळवळून म्हणाला. "म्हणून तर झालर कमी लावली सर," गफूरभाई म्हणाले. औशाच्या रस्त्यानं मामानं मला फळीवर बसवून चाचणीला नेलं. गाडीनं वेग घेतला तसं हूड फुगायला लागलं, टम्म, जत्रेतल्या फुग्यासारखं, आणि समोरचे हुक एकामागून एक सुटून अख्खं हूड मागे माझ्या अंगावर कोसळलं. मी झालरीत गुंडाळलेली घरी आले. दुसऱ्या दिवशी मामानं बॅचला फळ्यावर गाडी काढली आणि वरून हवा जोरात गेली की तिथला दाब कसा कमी होतो आणि कापड वर का उचललं जातं ते शिकवलं. ते त्या पोरांना जन्मभर विसरता येणार नाही, कारण उदाहरण म्हणून मला उभं केलं होतं.

दुसऱ्या खेपेला मामानं, गफूरभाईंनी आणि मामीनं एकत्र डोकं चालवलं, म्हणजे तिघंही एकाच वेळी बोलले. माझ्या वडिलांनी नांदेडच्या ताडपत्रीवाल्याकडून जाड सुती कॅनव्हास घेऊन बसनं पाठवला. गफूरभाईंनी सळ्या वाकवून बुटक्या कमानी केल्या, त्या जुन्या लोखंडी कानांत बिजागरीनं बसवल्या. समोरच्या काचेवर लाकडी पट्टी आली आणि पट्टीला पत्र्याच्या पेटीच्या कड्या, म्हणजे फुगलं तरी सुटायला नको. शिवण मामीच्या मशीनवर मी आणि तिनं मिळून मारली, दुहेरी दुमडून, आणि शिवणीवरून मेणबत्ती घासली, पाणी आत झिरपू नये म्हणून. टप दिमाखात बसला. मागे पाडला तर नीट पडलाही. मग पहिला पाऊस खाऊन कॅनव्हास असा आक्रसला की कड्या पट्टीपर्यंत पोचेचनात. मामा एका बाजूनं ओढतोय, गफूरभाई दुसऱ्या बाजूनं, आणि मधे चार बोटांची फट. "कापड शिवायच्या आधी भिजवून घेतात," मामी ओट्यावरून म्हणाली. "मग आधी का नाही सांगितलं?" मामानं विचारलं. "मी सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा दाब शिकवत होता."

कॅनव्हास उसवून, जोडपट्ट्या घालून पुन्हा शिवला. काचेच्या कडेला सायकलची ट्यूब चिरून लावली. तरी एक थेंब गळायचाच, आणि तो नेमका मामीच्या डाव्या गुडघ्यावर. मामी गुडघ्यावर रुमाल टाकून बसायची आणि कोणी विचारलं तर सांगायची, "स्पोर्ट्स कार आहे ना."

इथवरचं सगळं मी माझ्या मुलांना हजारदा सांगितलंय आणि ती हसतात. पुढचं सांगताना मी आवाज जरा सांभाळते.

भूकंप झाला तेव्हा गणपती बुडवून आलेली माणसं नुकती झोपली होती. लातुरात आम्ही घराबाहेर धावलो, भांडी पडली, शेडचे पत्रे बराच वेळ थरथरत राहिले, पोरं अंथरुणासकट रस्त्यावर आली. आमच्या घराला वरवर बघता काही झालं नाही. पण मामीचं माहेर किल्लारीच्या बाजूला होतं. सकाळी बातम्या यायला लागल्या तशी मामी चपला घालून फाटकात जाऊन उभी राहिली. मामा एका विद्यार्थ्याच्या वडिलांची जीप घेऊन तिच्याबरोबर गेला. ती दोघं परत आली तेव्हा जीपमध्ये मामीचे वडील होते, आबा. ते शेतात राखणीला झोपले होते म्हणून वाचले. मामीची आई घरात झोपली होती. दगडमातीचं, जाड भिंतींचं, वर मातीचा धाबा असलेलं घर होतं ते. त्याहून जास्त मी इथं लिहिणार नाही. मामीनंही कधी सांगितलं नाही.

आबा उंच, काटक म्हातारे होते, मिशा पांढऱ्याशुभ्र, धोतर गुडघ्यापर्यंत. पूर्वी यायचे तेव्हा फाटकातूनच 'जय भीम मास्तर' असा आवाज द्यायचे आणि घर भरून जायचं. या वेळी ते फाटकात उतरले आणि तिथंच थांबले. मामी म्हणाली, आबा, आत चला. त्यांनी वर स्लॅबकडं बघितलं आणि मान हलवली. मामानं समजावलं, हा सिमेंटचा स्लॅब आहे, यात लोखंड आहे, हा दगडमातीचा नाही, याचा भार कसा वाटला जातो. सगळं बरोबर होतं. आबांनी ऐकून घेतलं आणि कडुनिंबाखाली जाऊन बसले. शेडखालीही जाईनात, पत्रा वाजतो म्हणाले. दोन-तीन दिवस तसे गेले, मग पाऊस आला. गावोगाव तेव्हा प्लास्टिकखाली माणसं होती आणि वरून ओतत होतं. आम्ही आबांवर छत्री धरून उभे होतो आणि ते उठायला तयार नव्हते. मामीच्या डोळ्यांतलं पाणी आणि पावसाचं पाणी वेगळं करता येत नव्हतं. मग आबांनी अंगणात उभ्या असलेल्या लाल गाडीकडं बघितलं, जवळ गेले, टपाला हात लावला, बोटानं दाबून बघितला. "हे कापड हाय," ते म्हणाले. दार उघडलं आणि आत जाऊन बसले.

त्या दिवसापासून आबा गाडीत राहायला गेले.

अंगणातच त्यांची आंघोळ, अंगणातच फेऱ्या, पण बसणं, जेवणं, कलंडणं गाडीत. मामी त्यांना येसराची आमटी आणि भाकरी खिडकीतून द्यायची. ते जेवायचे, पण बोलायचे नाहीत. मामीच्या आईचं नाव नाही, घराचं नाव नाही. मामी रोज त्यांच्यापाशी बसून काहीतरी विचारायची, आणि ते समोरच्या काचेतून भिंतीकडं बघत राहायचे. मामी आत येऊन मला म्हणायची, "आबा असे नव्हते गं. हे असेच गेले तर?" तिला वाटायचं की आई तर गेलीच, आता हेही हळूहळू, बसल्या जागी जातील. मामानं एक डॉक्टर आणून दाखवला. डॉक्टर म्हणाला, बोलू द्या. पण बोलतच नव्हते तर काय बोलू देणार?

त्यांना पहिल्यांदा बोलतं केलं ते टपाच्या खोडीनं. पाऊस कॅनव्हासवर पडला की आत ताशा वाजल्यासारखा आवाज व्हायचा. एका दुपारी जोराची सर आली आणि आबा ओरडत गाडीबाहेर आले. मामीनं त्यांना धरलं. ते रागानं म्हणाले, "मास्तर, हे काय केलंय? सारखं तडतडतडतड. माणसानं बसावं कसं?" मामाचं तोंड बघण्यासारखं झालं. महिनाभर कॅनव्हासवर खपलेला माणूस तो. पण मामीच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा उजेड बघितला, कारण आबा भांडत होते.

गफूरभाईंना निरोप गेला. त्यांच्या दुकानात तेव्हा उसंत नव्हती, खेड्यांवर जायच्या ताडपत्र्या शिवून शिवून त्यांची बोटं सोलली होती, तरी ते आले. आबांनी खिडकीतून मुंडकं बाहेर काढून त्यांना विचारलं, "तुमीच का शिवणारे?" गफूरभाई म्हणाले, "हौ. आमचे दादा-परदादा बग्ग्या शिवायचे निजामाच्या." आबा म्हणाले, "त्या बी गळत व्हत्या का?" मग गफूरभाईच आधी हसले. ते गाडीत दुसऱ्या सीटवर जाऊन बसले आणि दोघांनी मिळून टपाची निंदा केली. गफूरभाईंनी सगळं खापर मामाच्या कागदावर फोडलं.

ठरलं असं की आतून अस्तर लावायचं, आणि अस्तर म्हणजे वाकळच. मामीनं आपली जुनी सुती लुगडी काढली. मी आणि तिनं ओसरीत पसरून एकावर एक थर दिले आणि धावदोरा घालायला बसलो. आबा गाडीतून उतरून ओसरीच्या पायरीपर्यंत आले, तिथंच थांबले, आणि आमच्या कामावर देखरेख करायला लागले. माझा टाका त्यांना बिलकुल पसंत नव्हता. "हिला दोरा धरता येत न्हाई. काय शिकवता मास्तर तुमी हिला?" मामा शेडच्या खिडकीतून म्हणाला की माझ्या विषयात टाका येत नाही. मामी खाली मान घालून शिवत होती. आबा तिचा टाका बराच वेळ बघत राहिले.

"तुझा बी लांब पडतोय," ते म्हणाले. "तुझी माय बारीक घालायची. तांदळाएवढा."

मामीचा हात थांबला. तिनं वर बघितलं नाही. हळूच विचारलं, "मला शिकवत होती तेव्हा मारायची, आठवतं?"

"मारायची. मला बी मारायची." आबा पायरीवर बसले. "लगीन झालं तवा मला म्हणली, तुमच्या घरात सुई बी गंजलेली हाय." आणि मग ते बोलत राहिले. मी दोरा ओवून देत होते आणि आबा सांगत होते, लग्नातलं, दुष्काळातलं, खडी फोडायला गेले तेव्हाचं. मधेच हसत होते, मधेच धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते. शेडमधली बॅच सुटली तरी पोरं सायकली न काढता लांब उभी राहिली होती.

वाकळीचं अस्तर कमानींना बांधल्यावर पावसाचा आवाज दबला. आबांची पुढची तक्रार मागच्या बाजूबद्दल होती, मागून कोण येतंय ते दिसत नाही म्हणून. गफूरभाईंनी मागे मोठी खिडकी कापून जाड पारदर्शक प्लास्टिक बसवलं, खाली बक्कल लावले, वारं हवं तर वर गुंडाळायला. मग बाजूच्या झडपा झाल्या. मग तो मामीच्या गुडघ्यावरचा थेंब, जो आता आबांच्या गुडघ्यावर पडायचा, त्याचा आबांनी स्वतः माग काढला. ट्यूबचा सांधा चुकीच्या जागी होता. मामा रोज शिकवून आला की बघायचा, त्याच्या स्पोर्ट्स कारला आणखी काहीतरी फुटलेलं असायचं. "ही गाडी आहे की बंगला?" तो विचारायचा. आबा म्हणायचे, "बंगल्यात बसत न्हाई म्हणून तर."

आणि पोरं यायला लागली. सुरुवात हदगावच्या एका मुलानं केली. भूकंपानंतर बऱ्याच पोरांचे आईबाप त्यांना घरी घेऊन गेले होते, जी राहिली ती भेदरलेली होती. हा मुलगा रोज रडायचा आणि ते लपवायचा. आबांनी त्याला दार उघडून शेजारी बसवून घेतलं आणि विचारलं, "कापूस कसाय औंदा तुमच्याकडं?" तो तासभर कापसावर बोलला. दुसऱ्या दिवशी अर्धापूरचा केळीवर बोलला. मग मधल्या सुटीत पोरं गाडीजवळ घुटमळायला लागली, आपला नंबर लागतो का बघत. मीही बसले एकदा. मला आबा म्हणाले, "तुला डाक्टर व्हायचंय का तुझ्या मायला?" मी डॉक्टर झाले नाही, नांदेडला शाळेत शिकवते, अजूनही. मामा अजून म्हणतो की टपापायी एक डॉक्टर गेली. मामी म्हणते, पेशंट वाचले.

हवा थंड व्हायला लागली होती तेव्हा एका सकाळी आबा मामाला म्हणाले, "मास्तर, गावाकडं जाऊन येऊ. पर हे छप्पर पाडा." मामानं कड्या काढल्या, कमानी मागे पडल्या, वाकळीसकट टप घडी होऊन बसला. मामी स्वयंपाकघरातून हात पुसत आली. ती म्हणाली मी नाही येत, मला अजून होणार नाही. म्हणून फळीवर मी. आबा संपूर्ण रस्ता ताठ बसून होते, मिशा वाऱ्यावर, आणि शेतातली माणसं मान वर करून बघत होती. बोलले ते एकदाच, तूर बरी आहे म्हणाले.

गावात घराच्या जागी दगडांचा ढीग होता, काही दगड कोणीतरी बाजूला रचून ठेवले होते. आबा उतरले नाहीत. बराच वेळ बघून म्हणाले, "आता लावा." आम्ही दोघांनी टप उभारला, कड्या लावल्या, झडपा सोडल्या, आणि आबांना आत एकट्याला ठेवून लांब जाऊन उभे राहिलो. आतून आवाज यायला लागला. एवढ्या दिवसांत असं रडताना त्यांना कोणी ऐकलं नव्हतं. मामा माझ्याकडं पाठ करून एका बाभळीच्या शेंगा मोजत असल्यासारखा उभा होता. गावातले दोघं-तिघं जवळ आले, आवाज ऐकून तेही थांबले, टोप्या काढून उभे राहिले.

मग दार उघडलं. आबा उतरले, ढिगापाशी गेले, हात जोडले आणि परत येऊन म्हणाले, "पाडा छप्पर. चला."

घरी पोचलो तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. मामी सवयीनं ताट घेऊन बाहेर आली. आबा तिच्या हातातून ताट न घेता तिच्या बाजूनं चालत ओसरी चढले आणि दारात थांबून वर बघितलं. "मास्तर, खरं सांगा. ह्याला तडा गेलाय का?"

मामानं एरवी भाराचं गणित सांगितलं असतं. तो म्हणाला, "गेलाय आबा. मधल्या खोलीत, एक बारीक. मलाही रोज भ्या वाटतं."

"मग आधी सांगायचं न्हाई का," आबा म्हणाले, आणि आत जाऊन भिंतीला टेकून मांडी घालून बसले. मामीनं त्यांच्यापुढं ताट ठेवलं. ठेवताना आमटी सांडली, आणि आबांनी त्यावरूनही तिला ऐकवलं.

मामाचं ताट वाढलं तर मामा कुठं दिसेना. मामी म्हणाली, बघ गं जरा. मी अंगणात गेले. गाडीचा टप लावलेला होता आणि मामा आत बसला होता, आबांच्या जागेवर, मान मागे टाकून, वरच्या वाकळीकडं बघत. त्याचा चष्मा हातात होता. मी म्हटलं, मामा, भाकरी गार होतेय.

"आलोच," तो म्हणाला. वाकळीवरून हात फिरवला. "छान झालाय गं. पुरा झाल्यापासून मी टपाखाली बसलोच नव्हतो."